एकोणीस अक्षरं

१ जानेवारी, गुरुवार

संकेतने बँकेची डायरी आणून दिली. म्हणाला, "आई, दरवर्षी साहेबलोकांना वाटतो, यंदा एक तुला." मी म्हटलं, "मी काय लिहू हिच्यात?" तर म्हणतो, "दिवसभर गल्लीला जे सांगत फिरतेस ते इथे लिही. गल्लीला जरा आराम." पोरगा बापावर गेलाय. तेही असंच हसत हसत चिमटा काढायचे.

पण खरं आहे त्याचं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझ्या सासूने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ओळखलं होतं. हे होते तेव्हा रोज सगळं यांना सांगून मोकळी व्हायची. ते घोरत असले तरी सांगायची. सहा वर्षं झाली यांना जाऊन, तेव्हापासून गल्लीवर भार पडला.

पहिल्या पानावर माहिती विचारलीय, ती भरते. नाव लीलावती शिवाजी घोरपडे. वय अडुसष्ट. शिक्षण सातवी पास, गावच्या शाळेत, कोरेगाव तालुका. मुक्काम मुलाकडे, तेलीबाग, लखनऊ. रक्तगट माहीत नाही. डासांना विचारा.

३ जानेवारी, शनिवार

कोहरा असा पडलाय की समोरच्या गच्चीवरची हेमा मिश्रा दिसत नाही, नुसता तिचा आवाज येतो. हेमा म्हणजे शेजारीण. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आता आमच्यावर हात साफ करते. थंडीमुळे शाळांना सुट्टी आहे, म्हणून सानिका घरात. माझी नात, पाचवीत आहे. मोबाइल एकच तास मिळतो, त्यामुळे बाकीचे तास तोंड फुगवून बसते.

दुपारी ऊन आलं तशी मी गच्चीवर मटार सोलायला बसले. ही कठड्याला टेकून खालच्या गाड्यांकडे बघत एकटीच पुटपुटत होती. विचारलं तर म्हणाली, "आजी, वो गेम है. आपको नहीं आएगा."

मला येणार नाही म्हटलं की मला ते आलंच पाहिजे. खेळ असा आहे. इथल्या गाड्यांना यूपी बत्तीस असतंच, ते सोडून द्यायचं. पुढची दोन अक्षरं घ्यायची, आणि ती दोन्ही ज्यात असतील असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा. खाली एक पांढरी गाडी होती, के आणि एन. सानिका म्हणाली, "किचन. सात लेटर." मी म्हटलं, "बस? स्वयंपाकघरापुढे जग नाही का?" ती म्हणाली, "तो आप बताओ ना." मी म्हटलं, उद्या सांगते.

४ जानेवारी, रविवार

सांगितला. संकेतच्या बँकेच्या फॉर्मवर होता. ॲक्नॉलेजमेंट. पंधरा अक्षरं, के आहे, एन आहे. सानिकाने तीनदा मोजलं. मग विचारते, "मीनिंग क्या है?" मी म्हटलं, "मीनिंग बापाला विचार. मी फक्त अक्षरं मोजते."

मला एबीसीडी येते. पाचवीत गुरुजींनी चार रेघी वहीत घोटून घेतलीय, आजही एकेक अक्षर छापल्यासारखं काढते. शब्द काय म्हणतो ते कळत नाही, पण त्याने काही अडत नाही. तांदूळ निवडताना आपण दाण्याचं नाव विचारतो का? ओळ बोटाने पुढे ढकलत जायची, खडा दिसला की उचलायचा. हेमासारखी माणसं शब्द वाचत बसतात, म्हणून त्यांना वेळ लागतो.

५ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी संकेत आणि दीप्ती तासाभरासाठी बाहेर गेले. "जरा काम आहे." मागच्या सोमवारीही जरा काम होतं. मला वाटतं हे दोघं हज़रतगंजला जाऊन टिक्की खातात. म्हातारीला तेल सोसत नाही म्हणून सांगत नसतील. आल्यावर मी दीप्तीजवळ जाऊन वास घेतला. नुसता स्पिरिटसारखा वास आला. हात धुवायला हल्ली सगळे तेच वापरतात.

सूनबाईंची नवाबी वाढत चाललीय हे लिहून ठेवते. स्कूटी धूळ खात पडलीय आणि बाई कोपऱ्यावरच्या भाजीलाही रिक्षाने जातात. गच्चीवर येत नाही, "आई, जिना चढायचा कंटाळा येतो." पाण्याची बादली संकेत उचलतो. मी म्हटलं, "लखनऊचं पाणी लागलं गं तुला. आता पंखा घालायला एक माणूस ठेवू." ती हसली नुसती. पुण्याची आहे, भांडत नाही. भांडली असती तर मजा आली असती.

११ जानेवारी, रविवार

मोठी बातमी. सव्वीस जानेवारीला कॉलनीत झेंडा झाल्यावर मुलांसाठी स्पर्धा आहे, आणि ती आमचाच खेळ आहे. सानिकाने सेक्रेटरी विक्रम भैयाला सांगितला, त्याला आवडला. एक मूल आणि घरातलं एक साठीच्या पुढचं माणूस, अशी जोडी. आज पार्कात सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या. एक्स, वाय, जी. ही तिन्ही ज्यात आहेत असा लांबात लांब शब्द आणायचा. मोबाइल बघायचा नाही. शब्द कुठेतरी छापलेला पाहिजे, तो कागद आणून दाखवायचा, कुठे सापडला ते सांगायचं आणि अर्थही सांगायचा.

सानिकाचा चेहरा पडला. घरी येऊन आईला म्हणाली, "नाना होते तो जीत जाते." नाना म्हणजे दीप्तीचे वडील, मधुसूदनराव, पुण्यात इंग्रजीचे मास्तर होते. "अवनी के पास तो हेमा दादी हैं. मेरे पास..." आणि माझ्याकडे बघून थांबली.

दीप्ती म्हणाली, "सानू."

मी म्हटलं, "बोलू दे की. माझ्याकडे सातवी पास म्हातारी आहे, असंच ना? मग बघ म्हातारी काय करते."

बोलले खरी. झोपताना वाटलं, मागच्या वर्षी गोणी-शर्यतीत ही शेवटची आली होती आणि दोन दिवस पार्कात गेली नव्हती. या वेळी माझ्यामुळे तसं व्हायला नको.

१३ जानेवारी, मंगळवार

सापडला.

झालं असं. मी बारके खोके टाकू देत नाही. उलटून कापले की आतून पांढरे पाठकोरे निघतात, सामानाची यादी लिहायला बरे पडतात. आज रद्दीत शोधत होते तर वर्तमानपत्राच्या घडीत औषधाच्या खोक्याचा तुकडा मिळाला. त्यावर एक्स आणि वाय शेजारी शेजारी, पण शब्द मधेच फाटलेला. माझा जीव वर-खाली. सगळी रद्दी उपसली. दुसरा तुकडा पार तळाशी, वेगळ्याच पेपरात. त्यात जी. भाताची शितं लावून दोन्ही जोडले.

एच, वाय, डी, आर, ओ, एक्स, वाय, पी, आर, ओ, जी, ई, एस, टी, ई, आर, ओ, एन, ई. हायड्रोक्सी-प्रो-जेस-टे-रोन असं काहीसं होतं. एकोणीस अक्षरं. जन्मात एवढा लांब शब्द पाहिला नव्हता. आमच्या गावाचं नाव, तालुका आणि पिनकोड मिळूनही एवढं होत नाही.

असला खोका इतका फाडून कुणी टाकला कोण जाणे. संकेतचं पित्ताचं असेल. त्याला औषधं लपवायची सवय लहानपणापासून आहे.

सानिकाला शब्द सांगितला नाही, नुसता आकडा सांगितला. ती पलंगावर उभीच राहिली. "आजी, उन्नीस? सच्ची? दिखाओ ना. आजी, प्लीज, सांग ना." मी म्हटलं, "सव्वीसला. तोवर तरस."

मग पार्कात जाऊन हेमाला म्हटलं, "हेमा बहन, मेहनत मत कीजिए, मेरे पास उन्नीस का है." ती म्हणाली, "लीला बहन, एक्स-वाय-जी में उन्नीस का होता ही नहीं." मी म्हटलं, "आपके स्कूल में नहीं होगा. हमारे गाँव में होता है." बाकावरच्या सगळ्या हसल्या. संध्याकाळपर्यंत पूर्ण कॉलनीला माझा आकडा माहीत झाला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. इथे हिला खिचडीच म्हणतात, हेमाकडून उडदाच्या डाळीची खिचडी आली, वर तुपाचं तळं. मी तिळाचे लाडू केले. दीप्तीने एक तीळ चिमटीत उचलला, जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "पोचला." मी म्हटलं, "एवढ्याने गोड बोलशील का? वर्षभर कडू ऐकावं लागेल मला." नाही म्हणजे नाही. परवा पपई कापली तेव्हाही हेच. माझ्या हाताला नाक मुरडते की काय?

दोन वर्षांपूर्वीच्या गावच्या संक्रांतीचं मनात धरून आहे का, असंही वाटून गेलं. तेव्हापासून ती संक्रांतीला गावी आलेली नाही. मी तेव्हा काही वाईट बोलले नव्हते. आनंदाचंच बोलले होते.

असो. लाडू बरे झालेत. सानिकाने चार खाल्ले आणि म्हणाली, "आजी, अजून दे ना एक."

१७ जानेवारी, शनिवार

हेमा चौथ्यांदा साखर मागायला आली. साखर न घेताच गेली. नजर सारखी माझ्या डायरीवर. मी डायरी मांडीखाली घेऊन बसले आणि वर बसून चहा प्याले.

सानिकाने आठवण केली, शब्दाचा अर्थ पण सांगायला लागेल. "आजी, तुला अर्थ माहीत आहे का?" नाही माहीत. कुणाला विचारू? संकेतला विचारलं तर सानिकापाशी फोडेल. औषध आहे तर औषधवाल्यालाच विचारावं.

२० जानेवारी, मंगळवार

आज गेले. गल्लीच्या तोंडाशी गोपीनाथ यांचं दवाखान्याच्या वस्तूंचं आणि औषधांचं दुकान आहे. म्हातारे गृहस्थ, केसांना मेंदी, गिऱ्हाईक नसलं की हीटरवर हात शेकत बसतात. शब्द चिठ्ठीवर उतरवून नेला होता.

त्यांनी चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली. "अम्माजी, ये कहाँ से मिला?"

"डिक्शनरी में."

"डिक्शनरी में ये कहाँ. ये तो इंजेक्शन है."

"काहे का?"

त्यांनी दुकानात कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जिन बहू-बेटियों का बच्चा एक बार रह न पाया हो, उनको डॉक्टर लगवाते हैं कि इस बार ठहर जाए. हफ़्ते के हफ़्ते. किसके लिए चाहिए?"

माझ्या तोंडातून निघालं, "भैंस के लिए."

"भैंस?"

"गाँव में है हमारी. गाभन है."

त्यांनी चश्मा काढून पुसला. "भैंस को ये नहीं लगता, अम्माजी."

"नहीं लगता तो रहने दीजिए. भैंस को मैं समझा दूँगी."

दुकानातून निघाले आणि घराकडे न वळता सरळ चालत राहिले. रायबरेली रोडपर्यंत गेले. ट्रक जात होते. एका चहावाल्याच्या बाकावर बसले, चहा मागवला आणि प्याले नाही.

स्कूटी. जिना. बादली. पपई. एक तीळ. सोमवार. टिक्की नव्हती ती. आणि मी तिचा वास घेत होते.

दोन वर्षांपूर्वीचं आता नीट लिहिते, कारण नीट कधी सांगितलंच नाही, स्वतःलासुद्धा नाही. संक्रांतीला सगळे गावी होतो. दीप्तीने स्वयंपाकघरात माझ्या कानाशी सांगितलं, तिसरा महिना आहे, "आई, अजून कुणाला नको हं." मी हो म्हटलं. दुपारी घरात हळदीकुंकू होतं. मी आता कुंकू लावत नाही, म्हणून मी लाडू वाटायला बसले होते. एकेका बाईच्या हातावर एकेक लाडू ठेवला आणि प्रत्येक लाडवाबरोबर ती गोष्ट सांगितली. चाळीस बायका होत्या. सगळ्यांनी दीप्तीची थट्टा केली, मी सगळ्यात जास्त. बाराव्या दिवशी सगळं संपलं. मग त्या चाळीसजणी महिनाभर येत राहिल्या, पडलेल्या तोंडाने, हातात नारळ घेऊन, आणि दीप्तीला प्रत्येकीसमोर बसावं लागलं. त्यातली एकही तिने बोलावलेली नव्हती. सगळ्या माझ्या लाडवांनी बोलावलेल्या.

ती मला एका शब्दाने बोलली नाही. मला वाटलं विसरली. खोका दोन तुकडे करून दोन पेपरांत टाकते, ती बाई विसरलेली नसते.

२१ जानेवारी, बुधवार

काही लिहीत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

गप्प राहणं हा किती कष्टाचा धंदा आहे. दाढ दुखावी तसं होतंय. हेमाशी बोलताना ते जिभेच्या टोकावर येतं. आज तर देवाला सांगायला गेले, तर मागे सानिका उभी.

बाकी मी माझ्या परीने तिची सोय केली. सकाळी दीप्तीच्या आधी उठून कणीक भिजवली. म्हटलं, कणकेने हात गरम राहतात. मटार सोलायचं गच्चीवरून खाली आणलं. म्हटलं, वर माकडं येतात. भाजी मीच आणली. बादलीला हात लावायच्या आधी संकेतला हाक मारली.

दुपारी दीप्ती माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "आई, तुम्हाला बरं नाही का? दोन दिवस झाले, मला एकदाही नवाबीण म्हणाला नाहीत."

थट्टा थांबली की हिला कळणार. म्हणून लगेच म्हटलं, "नवाबीण मेली तुझी, चहा आण बघू." ती हसत गेली. आता रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा हिशेबाने टोमणा मारायचा ठरवलंय. गोळ्यांसारखा. पण पूर्वी तोंडातून आपसूक पडायचे, आता बसून जुळवावे लागतात, आणि जुळवलेला टोमणा बेचव लागतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

मोठा प्रश्न राहिलाच आहे. सव्वीसला काय करायचं?

खोका दाखवायचा, कुठे सापडला सांगायचं आणि अर्थ सांगायचा, असा नियम आहे. म्हणजे कॉलनीसमोर उभं राहून सांगायचं की हे आमच्या घरातल्या रद्दीत होतं आणि याचा अर्थ असा. पुन्हा लाडू वाटायचे. म्हणजे तो शब्द गेला.

दुसरा शोधायचा, तर सानिकाच्या शाळेच्या डिक्शनरीत या तीन अक्षरांचे मला दोनच मिळाले. गॅलेक्सी आणि ऑक्सिजन, दोन्ही सहाचे. एकोणीस सांगून बसलेय मी, सगळ्या गल्लीला. रोज कुणीतरी विचारतं, "अम्माजी, उन्नीस वाला संभाल के रखा है ना?"

सगळ्यात वाईट म्हणजे सानिका. आज तिने घोटीव कागदाचा मुकुट केला, त्यावर सोनेरी एकोणीस. म्हणाली, "आजी, हा तू घालायचा. मी तुला घालणार, शब्द सांगितलास की." मी म्हटलं, माझ्या डोक्याला बसणार नाही. ती म्हणाली, "मी झोपेत माप घेतलंय तुझं."

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी, म्हणून दीप्तीने आज हळदीकुंकू उरकलं. इथे मराठी बायका जमून जमून पाच. दोघी छावणीतल्या फौजी घरच्या, बाकी बँकवाल्या. एकजण दीप्तीकडे बघून म्हणाली, "काय गं, चेहऱ्यावर तेज आलंय, काय लावतेस?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरातली बातमी माझ्याकडून मिळते हे त्यांनाही ठाऊक.

मी लाडवाच्या ताटातला एक तीळ उचलून तोंडात टाकला आणि गालात धरून ठेवला. तो तिथे आहे तोवर तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं. बाई पुन्हा म्हणाली, "काकू, तुम्ही सांगा की." मी मान हलवली आणि गालाकडे बोट केलं. दीप्तीच म्हणाली, "दात दुखतोय त्यांचा." चांगल्या दीड तासाने तीळ काढून बघितला. भिजला होता. सासूबाई असत्या तर पेढे वाटले असते.

उद्याचं काय ते ठरलंय माझं. सानिकाला आज सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडा झाला. मुलांची गाणी झाली. लाडूच वाटले, पण बुंदीचे. मग विक्रम भैयाने माइक घेतला.

आठ जोड्या होत्या. कुणी ऑक्सिजन, कुणी गॅलेक्सी. हेमा आणि तिची नात अवनी सातव्या. अवनीने जाडजूड डिक्शनरी उघडून दाखवली आणि म्हणाली, "एक्झॅजरेटेडली. थर्टीन लेटर्स." विक्रमने अर्थ विचारला तर हेमाने माइक घेतला. "मतलब, बढ़ा-चढ़ाकर. जैसे लीला बहन का उन्नीस." काय हशा झाला. माझ्यासारखीला मान्य करावं लागलं, टोमणा अस्सल होता. मी आठवडाभर जुळवत होते त्यातला एकही या तोडीचा नव्हता.

मग आम्ही. सानिकाच्या हातात मुकुट. समोर खुर्च्यांमध्ये संकेत आणि दीप्ती, दीप्तीच्या अंगावर माझी शाल.

मी पिशवीतून शाळेची डिक्शनरी काढली, खूण केलेलं पान उघडलं आणि म्हटलं, "ऑक्सिजन. छह. नातिन की किताब में मिला. मतलब, हवा. जिससे सब जीते हैं."

हेमा म्हणाली, "और उन्नीस का क्या हुआ?"

मी म्हटलं, "बुढ़ापा है, बहन. गिनने में गलती हो गई."

"तेरह की गलती?"

"जब करती हूँ, भरपूर करती हूँ."

पुन्हा हशा. मी पण हसले. सवय नव्हती मला त्या बाजूला बसायची. लोकांची थट्टा करताना समोरचा कसा बसतो हे कधी पाहिलंच नव्हतं. कान तापतात. एवढंच, मरत नाही कुणी.

समोर नजर गेली तर दीप्ती हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते, एक दोन तीन मोजावं तसे.

सानिकाने मुकुट दुमडून खिशात घातला. घरी येताना दहा पावलं पुढे चालली. मी म्हटलं, "सानू." ती वळली, डोळे भरलेले. "तू मोजायला चुकत नाहीस, आजी. तू कधीच चुकत नाहीस. खोटं बोललीस ना? आधी खोटं बोललीस की आत्ता?"

मी म्हटलं, "एकदाच बोलले. कधी ते विचारू नकोस. तू नववीत गेलीस की सांगेन."

"चार वर्षं?"

"मला पण तेवढंच थांबायचंय. दोघी थांबू."

माझ्या तोंडातून चार वर्षं काही बाहेर पडणार नाही, हे तिला पटणं अवघडच होतं. मग तिने नाक पुसलं आणि कडेला लावलेल्या गाडीकडे बोट केलं. "बघ. एच, जे. आपण दोघी मिळून शोधायचा. पण अर्थ मला आधी सांगायचा. आणि आजी, हेमा दादीला आकडा सांगायचा नाही."

"नाही सांगत."

"शपथ घे."

घेतली.

आज सुट्टी, तरी सोमवार होता. संध्याकाळी संकेत आणि दीप्ती तासभर जाऊन आले. काय खाल्लंत ते मी विचारलं नाही. डायरी घेऊन बसले होते, तेवढ्यात दीप्ती स्वेटर न काढताच माझ्या खोलीत आली. हातात छोटा खोका.

"आई, हा तुमच्या पाठकोऱ्यात ठेवा."

"ठेव तिथे," मी म्हटलं. वर पाहिलं नाही.

तिने खोका डायरीशेजारी ठेवला आणि तिथेच उभी राहिली. बाहेर सानिका डिक्शनरीतून एच, जे मोठ्याने शोधत होती.

"एकोणीसच आहेत, आई," दीप्ती म्हणाली. "मी मोजली."

माझ्या जिभेवर खूप काही आलं. बधाई, माफी, दृष्ट काढते, केव्हा, डॉक्टर काय म्हणाले, सगळं एकदम आलं. पलंगावरची रजई बाजूला केली आणि म्हटलं, "नवाबीण, बसा आता. का बसायलाही माणूस ठेवू?"

ती बसली. लई वेळ बसली.

आता गेलीय झोपायला. खोका समोर आहे. नीट घड्या पाडलेला, चारही कोपरे जागच्या जागी. कुठेही फाडलेला नाही.